निरंक

जांभळ्या टोपणाच्या नळ्या, दुपारपर्यंत अकरा.
एकेक सुईखाली धरते. मशीन घोट घेतं,
जरा घुमतं, कागद बाहेर टाकतं:
बावीस हजार.
एकोणीस.
एकतीस.
खेळणाऱ्या पोरांचे नसतात असे आकडे.

मशीनचं काही खरं नाही म्हणून
काचेवर थेंब ओढते, दुर्बिणीला डोळा लावते.
सांडल्या तिळांसारख्या हव्यात तिथे
एक,
मग बरीच मोकळी जागा,
मग एक.
शेवटची गाडी गेल्यावर चोपड्याच्या स्टँडवर उरतात
तेवढी माणसं.

बाहेर बाकावर गेलसिंग पावरा,
डोंगरातून दोन जीप बदलून आलेला.
मांडीवर मुलगी, तिच्या मुठीत बिस्किटाचा पुडा.
फोडलेला नाही.
मला रिपोर्ट तिथेच कळतो.

"ताप शे, उतरी जाई,"
असं निंबा तात्याही म्हणाले होते सायकलच्या दुकानात,
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना.
नातवाचा उतरला.
तापीच्या पुलावर, जळगावला नेताना.
आता दुकानाला कुलूप, आणि माझी चाकं घरी बसलेली.

डासांचं असेल, गोचिडीचं असेल, पाण्याचंही असेल.
मला माहीत नाही.
मला फक्त मोजता येतं.

शुक्रवारी आरोग्य केंद्रातले रावळे भाऊ आले.
वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली
चौतीस नावं त्यांच्यापुढे सरकवली.
त्यांनी सगळी वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.
"ताई, तुमचं मशीन सरकारात धरत नाहीत.
नमुना पुण्याला जावा लागतो, बर्फात.
बर्फाचा डबा भुसावळला गेलाय."
मग रकान्यात, फार सुरेख अक्षर आहे त्यांचं,
लिहिलं: निरंक.
चहा अर्धा ठेवून उठले.
दारात चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता:
"धाकटीला परवापासून आहे थोडा.
संध्याकाळी आणू का?"

घरी गिलकी चिरायची आहेत.
गल्लीत केळीचा ट्रक मागे येतोय, आन दे, आन दे.
नवरा पेपर उलटासुलटा करतो:
"पेपरात तर काहीच नाही."
पेपरात कानबाईच्या मिरवणुकीचा मार्ग आहे,
डीजे किती वाजेपर्यंत, ते आहे.

काल रात्री मी सुमनबाईंचा बंद कूलर
चोरासारखा उपडा केला.
पाणी त्यांच्याच पायरीवरून वाहत गेलं.
सकाळी त्यांनी मांजराला शिव्या दिल्या,
मी खिडकीत उभी राहून हो हो म्हटलं.
येता-जाता दुर्वाच्या कपाळाला हात लावते.
ती हात झटकते, "आई, सारखं काय गं!"
तिची चिडचिड ऐकून मला बरं वाटतं.
आजारी पोरं चिडत नाहीत, नुसती बघतात.

रात्री सासूबाई परात घेऊन बसतात. रोटाचे गहू.
घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ.
सुरतेला गेलेल्या दिराची धरायची,
त्याच्या तान्ह्याचीही,
वर्षभर फोन न केलेल्या थोरल्याचीसुद्धा.
कानबाईच्या हिशेबात कोणी गळत नाही,
मुली सोडून.
निंबा तात्यांकडे यंदा सुतक. परात उतरवलीच नाही.

त्यांचे हात दुखतात म्हणून मुठी मी घालते,
त्या नावं घेतात.
मग त्यांची नावं संपतात, डोळा लागतो,
आणि माझी मूठ चालूच राहते.
गेलसिंगची मुलगी. तिचं नाव मी विचारलं होतं,
रायली.
शिंपी गल्लीतली जुळी. अंगणवाडीची मदतनीस.
रावळे भाऊंची धाकटी.

"कितल्या व्हयन्यात?" सासूबाई दचकून जाग्या.
"पस्तीस," मी म्हणते.
घरात पुरुष सात.
त्या परातीकडे बघतात, माझ्याकडे बघतात,
ढिगावरून तळवा फिरवतात, गहू परत काढत नाहीत.

आतून दुर्वाची हाक येते:
"आई, पंखा बंद करू?
गार वाटतंय."