चाळीस, एच

सारखेच तर दिसतात, म्हणालात तुम्ही.
दिसतात. बसतातही.
नट आवळले की मॅनिफोल्डला काय कळणार कोण आलंय.
कळतं ते पुढे, थेटफर्डच्या सरळ रस्त्यावर,
टर्बोचा काटा उजवीकडे कलला की.

इकडे या, मिस्टर ऑल्डस. चष्मा लावा.
ही काजळी पुसली तिथे, कडेला, वाचा.
पंचेचाळीस. पुढे ई.
हे तुमच्या गाडीचे नव्हेत. हिच्या बहिणीचे,
तोच कारखाना, तोच नाकाचा शेंडा, फक्त टर्बो नाही.
मधल्या कुणा मालकाला वाटलं असेल,
मोठा गळा म्हणजे मोठी ताकद.
नाकापेक्षा मोती जड.

ते श्वास ओढणाऱ्या इंजिनाचे.
तुमचं ओढत नाही. त्याच्या तोंडात
हवा कोंबली जाते, भात्याने कोंबावी तशी,
आणि कोंडलेली हवा फट शोधते.
साध्या कार्बोरेटरच्या दांडीला असलं सील नसतं,
झिजली तर बाहेरची थोडी हवा आत येते, एवढंच.
इथे पेट्रोल बाहेर येतं. धुकं होऊन.
खाली एक्झॉस्ट लाल.
बॉनेटच्या आतला तो तपकिरी डाग,
तुम्ही गंज समजलात तो.

अकरा आठवडे शोधत होते.
एक तुरीनहून आला,
फुटबॉलच्या निकालांत गुंडाळून.
दुसरा इथेच, डेरहॅमच्या एका शेडमध्ये,
पाखरांच्या दाण्याच्या डब्यात तळाशी.
चाळीस. एच.
मी तो डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले
आणि उतरायचा थांबा चुकला.

पहिल्या दिवशी काही उघडलं नाही. नुसते भिजवले.
घाई करणाऱ्याचा स्क्रू तुटतो.
मग जेट, एकेक, खिडकीशी धरून:
सुईच्या नेढ्याएवढं मार्चचं आभाळ.
एकातून दिसेना. त्याला पुन्हा आंघोळ.
फ्लोटची उंची व्हर्नियरने,
तो सुईवर टेकला पाहिजे, पण तिची स्प्रिंग दबता कामा नये.
हे मोजताना मी रेडिओ बंद करते.
या चकतीला फुलपाखरू म्हणतात.
उडत तर नाही कधी, एका दांडीवर
पालथं नि उताणं होतं जन्मभर.
दांड्यांना नवी सीलं. बोटाला तेलाचा थेंब,
आणि तोंड मिटून.

दुसऱ्याच्या पोटाशी, ग्रीस खरवडल्यावर,
हिरव्या रंगाचा ठिपका निघाला.
मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा,
धावपट्टीशेजारच्या त्या कारखान्यात,
तपासलेल्या नगावर ज्याचा त्याचा ठिपका.
माझा पिवळा.
हिरवा म्हणजे कॉलिन बर्डन.
आम्ही बोलत नव्हतो. कारण आठवत नाही,
म्हणजे आठवतं, पण क्षुल्लक आहे.
त्याचे नग परत येत नसत. माझे येत, कधीमधी.
बेचाळीस वर्षांनी उघडला तर आत
प्रत्येक स्क्रूची शेपटी नीट ठेचलेली.
ठिपका पुसला नाही मी. बिलात तो नाही.

परवा बसवले. तिसऱ्या झटक्याला लागली.
रबरी नळी कानाशी धरून ऐकलं,
डावा जरा जास्त सुस्कारत होता,
पाव आटा फिरवला,
मग दोघांचा सूर एक.
भर दाबावर, हातात विजेरी घेऊन,
दांड्यांच्या टोकांना कागद लावून पाहिला.
कोरडा.

चाव्या तिथे खिळ्याला आहेत.
आणि हे पंचेचाळीसही घेऊन जा, खोक्यात घातलेत,
धुऊन, बुचं लावून.
फेकू नका. त्यांचा काय दोष.
कुठेतरी त्यांची गाडी असेल,
भलतेच गळ्यात अडकवून
चढावर धापा टाकत.