सातव्या पानावरची दोरी

ओजस्वी कर्णिक फोनवर विचारते,
तुझ्या गोष्टीतल्या मुलीचा फ्रॉक कुठल्या रंगाचा?
मी म्हणते, खिसे असलेल्या.
ती हसत नाही. ब्रश पाण्यात खळखळवते.
रंग सांग.

मला एकच रंग नीट आठवतो:
वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत, नळाखाली
आमची पिवळी बादली.
पाचव्या वर्षी तापाने बाकी सगळं नेलं,
बादली राहिली.
मग बादलीपिवळा, ती म्हणते,
आणि मला ऐकू येतं
कागदावर काहीतरी ओलं होताना.

पहाटे साडेपाचला स्टेडियममध्ये
प्रणिता मढवी येते, कळव्याहून, स्कूटरवर.
एका टोकाला तिचं मनगट, एका टोकाला माझं,
मध्ये वीतभर नाडी, तिच्याच जुन्या बुटाची.
ती माझ्याहून वेगात पळते. पळायलाच हवं.
रेषा मात्र तिने माझ्या मागून ओलांडायची,
असा नियम आहे.
हे गोष्टीत घातलं तेव्हा प्रकाशकांनी विचारलं,
मुलांना समजेल का?
मी म्हटलं, तुम्हाला समजलं का ते सांगा.

त्यांची चिठ्ठी प्रणिताने
पोटऱ्या ताणता ताणता वाचून दाखवली.
शेवटी मुलगी पहिली येते ना?
नाही. पाचवी येते.
रागाने बूट भिरकावते, तो तलावपाळीला
कुणाच्या तरी होडीत जाऊन पडतो.
शेवटी तिला दिसायला लागलं तर?
नाही हो. शेवटी तिला भूक लागते.
चाकाच्या खुर्चीतली शर्वाणी कुणाला काय शिकवते?
काहीही नाही. चिंचा चोरते.
खुर्चीखालच्या पिशवीत लपवते,
आणि पकडली गेली की खुशाल दुसऱ्याचं नाव सांगते.
अनुमोद बोलत नाही. त्याला शेवटच्या पानावर
बोलतं करू नका,
हे मी ठिपक्यांनी टोचून पाठवलं.
त्यांनी बोट फिरवलं का, कोण जाणे.

सातव्या पानावर खरीखुरी दोरी.
दोरीचं चित्र नको, दोरी.
दोन भोकं, दोन गाठी.
डिंक अजून ओला असलेली पहिली प्रत घेऊन
आम्ही कोपरीच्या एका बालवाडीत गेलो.
मुलांनी ठिपक्यांवरून हात फिरवले,
म्हणाली, साबुदाणा सांडलाय.
एकाने चाटून पाहिलं.
मी वाचत होते, म्हणजे माझी बोटं वाचत होती,
आणि एक मुलगी अगदी जवळ येऊन त्यांच्याकडे बघत होती.
मला कळलं ते तिच्या श्वासावरून,
ऊन ऊन, चिवड्याच्या वासाचा.

मग सातवं पान.
टर्रकन आवाज.
बाई ओरडल्या, अरे अथांग!
तोवर दोरी पुस्तकातून निघाली होती,
एक टोक त्याच्या मनगटात, दुसरं चिवडेवालीच्या,
आणि दोघं बाकांमधून, दप्तरांवरून
(डोळे मिटून की उघडे, ते मला विचारू नका)
पळत होती.
चार पायांचा तो आवाज माझ्या ओळखीचा.
एक पडलं. मग दुसरं पडलंच.
खिदळणं जमिनीवरूनच आलं.

प्रकाशक म्हणतात, बांधणी पक्की करू.
मी म्हणते, गाठ सैल करा.
दोरी हरवली तर?
हरवेल. घरोघरी जुने बूट असतात.

ती प्रत माझ्याकडेच आहे.
सातव्या पानाला आता नुसती दोन भोकं.
काल ओजस्वी आली होती.
मी या बाजूने बोट घातलं,
तिने त्या बाजूने.
तिच्या नखापाशी रंग सुकलेला, खरखरीत.
कुठला, मी विचारलं नाही.