खेळला नाही

ऑक्टोबरात लीग सुरू होते तेव्हा
वसमत रोडच्या कडेला सोयाबीन वाळत पडलेलं असतं
आणि तिकडच्या सहा देशांतले चौदा संघ
रात्री साडेअकराला माझ्या खोलीत उतरतात.
मी हेडफोन लावते. कुणी फेकला, कुणाचा हुकला,
कुणाच्या हाताला लागून चेंडू बाहेर गेला,
दर हालचालीला एक बटण.
सामन्याला तीनशे ऐंशी रुपये.

बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले,
"जर्मनी हाय का त्यात?"
नाही म्हटलं.
"मग कशाची लीग," आणि कूस बदलली.
जगात जर्मनी, भारतात परभणी:
ज्यानं कुणी ही म्हण केली त्याला
मधलं जग मोजायचं नव्हतं बहुतेक.
मला मोजावं लागतं.

ते देश मला त्यांच्या लाकडावरून ओळखू येतात.
बंदराच्या गावात कोर्ट पिवळं, बुटांचा आवाज बारीक, उंदरासारखा.
खाणीच्या गावात डावीकडची रिंग जराशी सैल आहे,
हे तिथल्या कोचलाही ठाऊक नसेल.
एका देशाची लिपीच वेगळी,
तिथली पोरं मी चालीवरून ओळखते.

डिसेंबरात एकदा तिसऱ्या क्वार्टरला नळाला पाणी आलं.
नवव्या दिवशी, रात्री एक वाजता.
मोटर लावली, पाइप टाकीत सोडला,
पळत येऊन बघते तर गुणफलक सातानं पुढं.
मागं नेऊन भरलं सगळं.
त्या सात गुणांना अजून पाण्याचा आवाज येतो.

एकतीस नंबर. ह्रिबार. बाकावरचा शेवटचा.
त्याच्या नावापुढं मी एकच गोष्ट भरते:
खेळला नाही.
दिवाळीत खेळला नाही, संक्रांतीला खेळला नाही,
संघ तीस गुणांनी पुढं होता तेव्हाही नाही.
टाइमआउटला सगळ्यांच्या आधी उठतो,
बाटल्यांची झाकणं उघडून ठेवतो,
आणि जाकिटाची चेन अर्धीच लावतो.
कोच वळलाच, तर वेळ जायला नको.

ती चेन मला माहितीय.
स्टेडियममागच्या सिमेंटच्या कोर्टावर
रिंगला जाळी नव्हती; चेंडू आतून गेला की बाहेरून
यावरून भांडणं व्हायची.
कोटगिरे सर म्हणायचे,
"चेंडू काय, सगळेच बघतेत. तू जागा बघ."
लातूरला, विभागीयला, मी चार दिवस जागा बघितली.
बाकावरून चांगली दिसते.

मार्चअखेर ते लोक घड्याळं तासभर पुढं करतात.
आमच्याकडं काही सरकत नाही,
फक्त सामना साडेदहाला येतो
आणि भाकरी त्याच्यात सापडते.

मे. रात्रीही भिंती गरम, कूलर नुसताच ओरडतो.
शेवटचा सामना, हरलं-जिंकलं तरी
दोघांचंही काही बिघडणार नव्हतं.
एक मिनिट बारा सेकंद उरले.
कोच वळला.

चेन खाली आली.

तो आत आला आणि एका जागी उभा राहिला. एवढंच.
समोरचा बचावपटू त्याच्या खांद्याला अडकला,
नऊ नंबर मोकळा सुटला.
दोन गुण: नऊ. असिस्ट: चार.
उभं राहण्याला बटण नाही.

मग अगदी शेवटी चेंडू रिंगवरून उडाला,
दोन हात वर गेले, एक नऊचा, एक एकतीसचा.
मी चित्र थांबवलं.
बोटं आधी नऊची होती. स्वच्छ दिसत होतं.
मी दाबलं: रिबाउंड, एकतीस.

सकाळी तपासणीवाल्यांचा मेल.
एकतीस नव्हे, नऊ. चुकीचे चाळीस रुपये वजा.
आता त्याच्या ओळीत एक मिनिट बारा सेकंद आहेत
आणि पुढं शून्यं, मी मोजली, अकरा.
ते दोन शब्द मात्र नाहीत.

बाबा नळाजवळ दात घासत होते.
"कोण जिंकलं?"

मला फोनमध्ये बघावं लागलं.