मूळ नाव

कोशातली नोंद एका रकान्यावर अडली:
मिस केतकी, मूळ नाव —

शाळेच्या दाखल्यात ठकू,
जन्म पहिली जून, अर्ध्या महाराष्ट्रासारखा.
चर्नी रोडला जुन्या गॅझेटात
द्रुपदाची केतकी झाल्याची दोन ओळींची जाहिरात.
म्हणून परळ, वॉर्ड ऑफिस, तळमजला.

तावडेबाईंनी एक्केचाळीसचं बाड काढलं,
झटकलं, शिंकल्या.
"तारीख नक्की ना? नाटकवाल्यांचं वय म्हणजे..."
आणि माझ्याआधी त्यांनाच सापडलं.

बाप: जॉबर, स्पिनिंग खातं.
आई आहे, चाळ आहे, खोली नंबर सतरा,
सुईण सोनाबाईचा निळा अंगठा.
बाळाचं नाव: कोरं.
शेजारी नुसतं 'स्त्री',
बोरूची शाई जरा फुटलेली.

"नाव मागाहून घालायचं असतं.
कोणी आलंच नाही बघा."

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवून उभा.
ही बाई पडद्यामागून नुसती खोकली
तरी दामोदर हॉल गप्प व्हायचा.

नक्कल हवी तर अर्ज.
अर्जात विचारलेलं: मयताशी नातं.
मी लिहिलं, प्रेक्षक.
तावडेबाईंनी ते खोडलं,
वर 'इतर' लिहिलं,
आणि सुटे वीस रुपये मागितले.