सोमवारपासून

हुकूम मीच टाइप केला.
घरून.
वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून,
मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप:
"सर्व कर्मचाऱ्यांनी सोमवारपासून कार्यालयात
प्रत्यक्ष हजर राहणे बंधनकारक आहे."
'प्रत्यक्ष' दोनदा खोडला, दोनदा लिहिला.
साहेबांना तो हवाच होता.
साहेब तेव्हा मुलीकडे, बंगळुरूला होते.

मग चर्चा. पडद्यावर चौदा चौकोन,
त्यातले नऊ काळे.

इर्शाद पिंजारी म्हणाला,
अब्बांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते.
मीटिंग चालू असतानाच देतो, आवाज बंद करून.
तुमच्यापैकी कुणाला कधी कळलं?
कुणालाच कळलं नव्हतं.
तेच त्याचं म्हणणं होतं.

भूषण खैरनारनं द्वारका सर्कलचा हिशेब मांडला.
जाताना पन्नास मिनिटं, येताना सव्वा तास,
महिन्याचं पेट्रोल, वर्षाचे दिवस,
एक्सेलमध्ये, रंग भरून.
भूषण राहतो इंदिरानगरला.
द्वारका त्याच्या वाटेत येतच नाही.
मी बोलले नाही.

आणि प्रणोती देवरे,
वाटलं होतं सगळ्यात आधी हीच नाही म्हणेल,
सिडकोतल्या दीड खोलीच्या बाहेरून,
बहुतेक जिन्यातून, कारण मागे उलटी टांगलेली सायकल दिसत होती,
म्हणाली, मला खुर्ची हवी.
अशी एक खुर्ची,
जिच्यावरून कुणी मला
"जरा ऊठ गं" म्हणणार नाही.

कुणाच्या तरी गल्लीतून भंगारवाला
चौदा घरांत ओरडून गेला.

मी कुणाच्या बाजूची, ते कुणी विचारलं नाही.
हजेरी ठेवणारीला बाजू नसते,
रकाने असतात.

पण पावणेतीन वर्षं, दर गुरुवारी,
पाथर्डी फाट्यावरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
मीच जात होते,
पाइप गंजू नयेत म्हणून नळ सोडायला.
खुर्च्यांवर धूळ अशी ऐसपैस
की तिचीच कायम नेमणूक झालेली.
एकदा पाणी वाहत होतं तोवर
मी एकेका खुर्चीवर बसून पाहिलं.
भूषणच्या खुर्चीतून लिफ्टचं दार दिसतं.
इर्शादच्या खुर्चीतून भिंत, नुसती.
प्रणोतीच्या खुर्चीतून पांडवलेणीच्या पायऱ्या,
आणि त्यांवरून चढणारे ठिपके, थांबत थांबत.
आठ वर्षं मी यांच्या सह्या मोजल्या.
कोण काय बघत बसतं, मला माहीत नव्हतं.

फ्रिज एकदाच उघडला आणि तसाच लावला.
आत एक डबा होता, त्या मार्चमधला,
झाकणावर नेलपेंटनं काढलेला 'प्र'.

सोमवार. नऊ डिग्री.
स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास.
लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत उभे,
एकमेकांची उंची विसरलेले.
भूषण पहिला आला. चालत.

इर्शाद साडेनऊला आला,
हातानं लिहिलेला राजीनामा घेऊन.
मेल केला असतास तरी चाललं असतं, मी म्हटलं.
"प्रत्यक्ष," तो म्हणाला, आणि हसला,
आणि घड्याळ बघून जिन्यानंच उतरला.
त्याच्या रकान्यात काय लिहायचं?
आला तर होता.

प्रणोतीनं खुर्ची पुसली, दोनदा.
बसली. खिडकीकडे बघितलं. मग उठून आली.
"माझा डबा?"
आहे, मी म्हटलं. उघडू नकोस.
"भेंडी होती," ती म्हणाली,
"शुक्रवार होता. आठवतंय तुम्हाला?"

मला त्या दिवसाचं पान आठवलं.
चौदापैकी चौदा.