पट्टी

साडेआठला मालिका लागते.
सासऱ्यांचा खड्डामाग बुजवून जिथे फरशी केली
तिथेच टीव्ही ठेवलाय, तांडापेठेतल्या आमच्या खोलीत,
आणि मे महिन्यात कूलर इतका ओरडतो
की नायिका काय म्हणते ते आम्ही
तिच्या ओठांवरून ओळखतो.

त्या दिवशी नवऱ्याने तिला मारलं.
चपराक एकच, पण तीन बाजूंनी दाखवली.
मघाशी कोरडं असलेलं आभाळ कडाडलं,
सासू वळली, नणंद वळली, समई विझली,
बांगडी फुटली, ती सगळ्यात सावकाश.
गालावर वळ नव्हता.
पावडरसुद्धा जागची हलली नाही.
मी ताट हातात घेऊन उभी,
वळाची वाट बघत.

हे वरणात पोळी बुडवत म्हणाले,
"असा मानूस जित्ता ठेवू नये."
मग वरणात सांभार नाही म्हणून माझ्याकडे पाहिलं.
मी एक पाऊल मागे सरकले.

तेव्हाच खालून पट्टी धावली, निळी.
आपल्यावर किंवा आपल्या ओळखीत कुणावर
असं काही होत असेल तर,
आणि पुढे एक फोन नंबर.
तुपाची जाहिरात त्याच्या शेपटीवर पाय देऊन आली.

सासूबाईंना अक्षर येत नाही.
आकडे येतात. जन्मभर ताण्याचे धागे मोजलेत.
रात्री भांड्यांपाशी येऊन म्हणाल्या,
"तो नंबर उद्या लिहून घेजो व."
"काऊन? कोनासाठी?"
"वरच्या हेडाऊच्या सुनेसाठी."

हेडाऊची सून फेब्रुवारीतच
तुमसरला गेली, माहेरी, कायमची.
पेटी रिक्षात ठेवायला आम्ही दोघीच होतो.

पहिल्या दिवशी चार आकडे मिळाले.
दुसऱ्या दिवशी लाईट गेली.
मग दुपारच्या जुन्या भागात शेवटचे तीन,
विजेच्या बिलामागे, पेन्सिलीने,
किराण्याचा हिशोब वाटावा असे.
मधले दोन सासूबाईंनी टिपले, सुपारी कातरता कातरता.
राहिला फक्त सातवा.
तुपाचा चमचा नेमका त्याच्यावर यायचा.

सोमवारी कळलं, मारणारा तो नव्हताच.
त्याचा जुळा भाऊ होता,
दवाखान्यात नर्सने पळवलेला.
नायिकेने खऱ्या नवऱ्याचे पाय धरले,
माफी मागितली, तुम्हाला ओळखलं नाही म्हणून.
गच्चीवर दिवे लागले, सगळ्यांनी लाडू खाल्ले.
पट्टी आली नाही.
मंगळवारी नाही, बुधवारी नाही.

हे खूश. "मी म्हनलं होतं न,
तो असा नसंल."

आमच्या घरी जुळा नाही.
लग्नाच्या फोटोत मी नीट पाहिलंय.

गुरुवारी हे कळमन्याला गेल्यावर
मी बिल काढलं.
एका आकड्याच्या जागी दहा शक्यता.
शून्यापासून सुरुवात केली.

शून्याला कुणी उचललं नाही.
एकला एक म्हातारा होता. चुकलं म्हणाले
तर म्हणाला, असू दे बाई, पानी पीत जा, ऊन लय आहे.
दोन बंद.
तीनची घंटी वाजू लागली
तशा सासूबाई उठल्या.

आवाज कमी कर म्हणून रोज भांडणारी ही बाई
गादीखालून रिमोट काढते
आणि दुपारच्या मालिकेचा आवाज वाढवते,
अजून वाढवते, कूलरच्या वर,
गल्लीतल्या नळापर्यंत जाईल इतका,
आणि दाराला पाठ लावून खाली बसते.
टीव्हीत कुणाचं तरी लग्न चाललंय.

पलीकडून कुणी हॅलो म्हणालं बहुतेक.
ओठ दिसत नव्हते.
मी दुसऱ्या कानात बोट घातलं.