रकाना क्रमांक चौदा

एकोणीस वर्षं मी या टेबलाशी आहे.
नियम सांगतो, प्रस्ताव
मुदतीच्या दहा कामकाजी दिवस आधी संशोधन कक्षात यावा.
असा आलेला एकच मला आठवतो,
आणि तो गेल्या वर्षी बंद झालेल्या योजनेचा होता.

बाकीचे येतात शेवटच्या दुपारी,
केगावच्या उन्हातून, पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून,
जणू घामानं आतलं अक्षर पुसलं जाईल.
त्यांना मी कूलरसमोर बसवतो, पाणी देतो,
आणि त्रुटी काढतो.

विज्ञान मी वाचत नाही. बेरीज वाचतो.
उपकरणाला तीन दरपत्रकं आहेत का,
विभागप्रमुखांची सही निळ्या शाईत आहे का,
प्रवासखर्चात कुणी सिंगापूर लपवलंय का.
विद्यापीठाचा वाटा पंधरा टक्के :
त्यात वीज, छप्पर, झाडलोट
आणि थोडासा मी.

डॉ. श्रीलता येमूल मंगळवारी आल्या.
‘आज आमच्याकडं पाण्याचा दिवस, सर.
पाचव्या दिवशी येतंय. नळ सोडून आले.’
म्हणजे, लवकर करा.
विषय : यंत्रमागांचा आवाज आणि कामगारांचं ऐकणं,
शहराचा पूर्व भाग.
मी नऊ त्रुटी काढल्या.
श्रवणमापक यंत्राचं एक दरपत्रक साध्या कागदावर, शिक्का नाही.
वाटा दहाच टक्क्यांनी धरलेला.
संमतीपत्र मराठीत हवं, ते होतं,
तेलुगूतही होतं, ते कुणी मागितलं नव्हतं,
त्यामुळं पानं मर्यादेबाहेर.
‘मराठीतलं काढू का मग?’ त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, राहू द्या, मार्जिन कमी करू.

मग रकाना चौदा. हितसंबंध असल्यास नमूद करा.
इथं सगळे ‘नाही’ लिहितात.
काहींनी तर त्याचा शिक्काच करून घेतलाय.
दोन ओळींच्या चौकटीत बाईंनी
मुंगीएवढ्या अक्षरात आठ ओळी बसवल्या होत्या :

आहे.
वडील, नरसय्या येमूल, वय सहासष्ट,
चौतीस वर्षं मागावर, त्यातली वीस रात्रपाळी.
चिठ्ठीनं त्यांचंही नाव निघू शकतं.
त्यांचा निकाल मला आधीपासून माहीत आहे.
आमच्या दाराची कडी कुणी वाजवत नाही,
बाहेरच्या बटणानं दिव्याची उघडझाप करतात.
त्यांची चाचणी सहसंशोधक घेतील. मी खोलीबाहेर थांबेन.

लाल पेन माझ्या हातात होतं.
‘बाई, एवढं कोण लिहितं? कुणी विचारत नाही.’
‘विचारलंय की, सर. चौदा नंबरला.’

कुलसचिव बैठकीत होते, मग जेवायला, मग पुन्हा बैठकीत.
मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.
तसं उभं राहायला कुठला नियम नाही.
सही मिळाली चार चाळीसला.
पोर्टलचं चक्र फिरत राहिलं, कूलरचंही,
चार सत्तावन्नला पोच आली, सतरा आकडी.

बाईंनी कॉरिडॉरमधून घरी फोन लावला.
‘नान्ना,’ म्हणाल्या. मग मोठ्यानं, ‘नान्ना!’
मग इतक्या मोठ्यानं
की लेखा विभागातली माणसं खुर्चीतून वळली.
पुढचं तेलुगू मला कळलं नाही.
पलीकडून काहीतरी भलतंच उत्तर आलं असावं,
कारण त्या हसल्या, आणि तेच वाक्य
पहिल्यापासून पुन्हा सांगू लागल्या.

निकाल अजून नाही. पोर्टलवर ‘विचाराधीन’.
नव्या वर्षाचा नमुना छापायला गेलाय,
रकाना चौदा मी सहा ओळींनी वाढवून घेतला.
वरून विचारणा झाली, कशासाठी?
लिहिलं : जागा अपुरी पडते.